पलटणीच्या यादीतलं नाव

डीलिया क्विलिगन बराकीत गेली ती लग्न करून, आणि लग्न केलं ते बराकीत जाता यावं म्हणून. असं कुणी तोंडानं बोलत नसे, पण बटाटे कुजून दुष्काळ पडला त्यानंतरच्या वर्षांत अख्ख्या लिमरिक गावात रोज चूल पेटायची अशा दोनच जागा होत्या. एक बिशपचं घर आणि दुसरी इंग्रज पलटणीची बराक. आता बिशप काही लग्न करत नाही.

तिची माणसं सगळी गरीबखान्यात गेली होती. गेली म्हणजे दारातनं पायांनी चालत गेली आणि मागच्या दारानं गाड्यावरनं बाहेर आली. तिथं दारातच वाटणी व्हायची. बाप्ये इकडे, बाया तिकडे, पोरं तिसरीकडे. तिच्या आईनं धाकट्याचा हात सोडला नाही तर बोटं एक एक करून उचकटली. हे डीलियानं डोळ्यांनी पाहिलं होतं, बारा वर्षांची असताना. ती स्वतः कशी वाचली ते विचारू नका. वाचली.

बराक आमच्या पाउंड लेनच्या डोक्यावर. आधी तिथं गावाचं कुरण होतं, शेळ्या चरायच्या, एका कोपऱ्यात चुन्याची भट्टी होती. फ्रेंच येणार, फ्रेंच येणार अशी आवई उठली त्या साली सरकारनं कुरणाला भिंत घातली. दोन पुरुष उंच. दगड कुठले, तर पडक्या मठाचे. म्हणून त्या भिंतीत अधूनमधून एखाद्या देवदूताचं नाक दिसायचं, नाहीतर बोटं. आत खडीचं मोठं मैदान, त्याच्या तीन बाजूंना शिपायांच्या खोल्यांच्या रांगा, मधे हापशी, आणि गल्लीच्या बाजूला भिंतीला चिकटून दवाखाना. घड्याळाच्या मनोऱ्याला बाजू चार, पण तबकड्या तीनच. गल्लीकडची बाजू कोरी. गल्लीतले म्हणायचे, "वेळसुद्धा फुकट देत नाहीत मेले."

आणि पटकीच्या साथीत मेलेली माणसं जिथं पुरली होती त्याच जमिनीखालनं हापशीचं पाणी यायचं. हे गल्लीतल्या शेंबड्या पोराला माहीत होतं. कर्नलला नव्हतं.

डीलियाचा नवरा मॅट कॉन्सिडाइन, क्लेअर परगण्यातला, लाल कानांचा, हसरा. शिपायाला लग्नाला कर्नलची परवानगी लागे. शंभर शिपायांमागे सहा बायका, एवढंच. त्या सहांत नाव लागलं की बाईला अर्धा पाव-मटण, पोराला चतकोर, आणि पलटणीचे कपडे धुवायचं काम. नाव नसलं तर तू त्याची लग्नाची असशील नाहीतर नसशील, दारावरचा पहारेकरी आत सोडायचा नाही. मॅटनं सात वर्षं दारूला शिवलं नव्हतं म्हणून त्याला परवानगी मिळाली.

घर म्हणजे काय, तर बावीस शिपायांच्या खोलीचा कोपरा. दोरी बांधून दोन घोंगड्या टांगलेल्या, झाला संसार. पलीकडे बावीस जण घोरतात, खोकतात, शिव्या देतात. डीलियाला पहिल्या वर्षी मुलगी झाली, नॉरी, ती त्याच घोंगडीमागं. त्या दिवशी बावीसच्या बावीस जण मैदानात पावसात उभे राहिले होते, कुणी न सांगता. रडणं ऐकू आलं तेव्हा टोप्या उडवल्या.

पेग स्वीटमन पलीकडच्या खोलीतली, तिच्याहून वर्षानं मोठी. तिचा नवरा ल्यूक आणि मॅट एकाच ताटात खाणारे. दोघी धुण्याच्या घरात समोरासमोर उभ्या राहायच्या, हात कोपरापर्यंत लाल.

"पेग, मी मरेपर्यंत इथनं हलायची नाही," डीलिया म्हणायची. "भिंत आहे, छप्पर आहे, यादीत नाव आहे. अजून काय पाहिजे?"

"तू आणि तुझी भिंत," पेग म्हणायची. "नवऱ्यापेक्षा भिंतीवर जीव जास्त हिचा."

"नवरा मरतो. भिंत मरत नाही."

"थू थू कर! काय जीभ आहे का वहाण!"

पण झालं तसंच. नॉरी चार वर्षांची असताना हापशीनं पटकी दिली, दवाखाना भरला. मॅट पाच दिवसांत गेला. शेवटच्या दिवशी तिला दारातच उभं केलं, आत जाऊ दिलं नाही. तो तिथूनच बोलला, कान तेवढे लाल राहिलेले. "डीलिया, महिनाअखेरच्या हजेरीपर्यंत नाव राहतं. त्याच्या आत बघ कुणीतरी. लाजू नको."

ही पलटणीची रीत होती. विधवेचं नाव महिन्याची हजेरी होईपर्यंत यादीत, मग खोडलं. तोपर्यंत दुसरा शिपाई केला तर कोपरा राहिला, पाव राहिला. नाही केला तर पोर कडेवर आणि दार बाहेरून बंद. बाहेर काय होतं ते डीलियाला ठाऊक होतं. नॉरीचे हात ती रात्रंदिवस धरून ठेवायला लागली, बोटं एक एक करून.

आता ल्यूकसारखे भले होते, ते लग्न झालेले. मॅटच्या खोलीतली दोन पोरं तयार होती, पण त्यांची सात वर्षं भरलेली नव्हती, कर्नल हो म्हणाला नसता. राहिला कॉर्पोरल गॉसलिंग. इंग्लंडकडचा, एक्केचाळीस वर्षांचा, कंपनीची यादी लिहिणारा. बाई नाही, बाटली नाही, दोस्त नाही. बटणं घासायचा आणि मोजायचा. बोलायचा ते हुकूम वाचून दाखवल्यासारखं.

स्मशानात जाताना ढोल संथ वाजला, येताना भराभर. ती रीतच आहे, जाताना रडायचं, येताना कामाला लागायचं. परतीच्या वाटेवर गॉसलिंग डीलियाच्या शेजारून चालायला लागला.

"मिसेस कॉन्सिडाइन, हजेरीला एकोणीस दिवस आहेत."

"मला मोजता येतं, कॉर्पोरल."

"माझी वर्तणूक चांगली नोंदलेली आहे. मला सार्जंट व्हायचंय. सार्जंटला बायको असलेली बरी दिसते."

"माझ्या नवऱ्यावरची माती ओली आहे अजून."

"म्हणूनच आत्ता विचारतो. उद्या दुसरं कुणी विचारेल."

पेग मागनं येत होती. ती पुटपुटली, "अगं, हा मागणी घालतोय का किराणा भरतोय?" आणि डीलियाला भर स्मशानाच्या वाटेवर हसू फुटलं, आणि हसताहसता ती अशी रडायला लागली की ल्यूकनं नॉरीला उचलून घेतलं.

"माझी पोर?" तिनं विचारलं.

"पोर यादीत आहे," गॉसलिंग म्हणाला. "चतकोर मिळतो. चालूच राहील."

हे ऐकलं आणि तिनं मान हलवली. दोन आठवड्यांनी बराकीच्या प्रार्थनाघरात लग्न लागलं. नवरा दुसऱ्या पंथाचा, त्यामुळे आपल्या फादरनी रस्त्यात तिच्याकडं बघणं सोडलं. गल्लीतल्या बाया तर आधीच बराकीतल्या बायकांना बाया म्हणत नसत. डीलिया म्हणाली, बघू नका, नॉरीच्या पोटात पाव आहे.

गॉसलिंग वाईट नव्हता, हे सांगायला पाहिजे. हात कधी उगारला नाही. पण नॉरीला नावानं हाक कधी मारली नाही. "पोर" म्हणायचा. घोंगडीमागं तिघं बसायची, तो बटणं घासायचा, आणि पलीकडचे शिपाई मॅट होता तेव्हा हसायचे तसे हसायचे नाहीत.

लग्नाला सात आठवडे झाले नाहीत तोच हुकूम आला. रशियाशी लढाई, पलटणीनं काळ्या समुद्राकडे निघायचं. मैदानात वाचून दाखवला तेव्हा शिपायांनी जयजयकार केला. धुण्याच्या घरात मात्र कुणी धुण्याला हात लावेना.

डीलिया म्हणाली, "जाऊ देत. आपण राहू. येतील परत."

पेग तिच्याकडं बघतच राहिली. "राहू? कुठं राहू?"

"इथं. आपली नावं आहेत यादीत."

"अगं खुळे! यादी पलटणीची असते. बराकीची नाही. पलटण गेली की यादी तिच्याबरोबर जाते, बोटीवर. पुढच्या महिन्यात दुसरी पलटण येईल, तिच्या तिच्या बायका घेऊन. तुला काय वाटलं, भिंतीवर लिहून ठेवलीय?"

डीलिया हातातला शर्ट धरून उभी राहिली. इतकी वर्षं तिला खरंच तसंच वाटत होतं. बराकीची यादी. भिंतीसाठी तिनं मॅटवरची माती सुकू दिली नव्हती, आणि भिंत तिची कधीच नव्हती.

मग चिठ्ठ्या काढायचा दिवस आला. बोटीवर प्रत्येक कंपनीच्या दोनच बायका जाणार. बाकीच्या बाहेर. बायका कचेरीत ओळीनं उभ्या. ढोलवाल्याची उंच टोपी टेबलावर उलटी ठेवलेली, त्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. बाईनं हात घालायचा, काढून सार्जंटला द्यायची, तो वाचणार. टेबलाच्या टोकाला गॉसलिंग, लेखणी घेऊन.

पहिली गेली, "राहायचं." दुसरी, "राहायचं." तिसरीनं काढली, "जायचं," आणि ती किंचाळलीच. पेगच्या कडेवर पाच महिन्यांचं बाळ. तिनं बाळाचाच हात टोपीत घातला. बाळानं मूठ वळली, दोन चिठ्ठ्या आल्या. सगळ्या हसल्या, सार्जंटसुद्धा. "एक टाक परत, मिसेस स्वीटमन, बेइमानी नको." तिनं एक टाकली. राहिली ती "राहायचं" निघाली.

पेग बाळासकट खाली बसली फक्त. तिचं मागं कुणी नव्हतं. ल्यूक गेला की गरीबखाना, दुसरं दार नव्हतं.

डीलियानं हात घातला. तिची निघाली "जायचं."

तिनं नॉरीला उचलून छातीशी धरलं. तेव्हा सार्जंट घसा खाकरून म्हणाला, "मिसेस गॉसलिंग, पोर चालतं आहे का?"

"चालते की. पळतेसुद्धा."

"मग नाही नेता येणार. अंगावर पिणारं असेल तर आईबरोबर. चालणाऱ्याला बोटीवर शिधा नाही. नातेवाईकांकडे ठेवायचं, नाहीतर गरीबखान्याला आम्ही पत्र देऊ. चांगलं पत्र देऊ."

"पण यादीत आहे ती! चतकोर मिळतो तिला!" ती गॉसलिंगकडं वळली. "तुम्ही म्हणाला होतात."

"बराकीत असेपर्यंत," गॉसलिंग म्हणाला. "तेव्हा तेच विचारलं होतंस." मग म्हणाला, "मी तुला नेऊ शकतो. बायको म्हणून तुझं नाव आहे. पोरीचं काय लिहू ते सांग."

नॉरी तिच्या गळ्यातल्या दोऱ्याशी खेळत होती. बाहेर शिपाई पेट्या बांधत होते, ठोकाठोक चालली होती. डीलियानं पोरीच्या बोटांकडं पाहिलं, असं पेग नंतर ल्यूकला सांगायची. बराच वेळ पाहिलं. मग जाऊन चिठ्ठी पेगच्या मांडीवर ठेवली.

"हिचं पितंय अजून. ही जाईल."

"डीलिया, नको," पेग म्हणाली, पण चिठ्ठीवर तिची मूठ वळलेली होती.

"चालतं का असं?" डीलियानं सार्जंटला विचारलं.

"चिठ्ठी ज्याची त्याची. नाव कॉर्पोरल लिहील."

गॉसलिंगनं लेखणी बुडवली. बायकोचं नाव खोडलं, सरळ एक रेघ, पट्टी लावून. खाली पोरीचं खोडलं. वर पेगचं लिहिलं. शाई सुकायला वाळू टाकली, फुंकली. म्हणाला, "झालं."

चौथ्या दिवशी सकाळी पलटण वाजतगाजत निघाली. दारातनं शेवटची गाडी गेली, त्यावर पेग बाळाला घेऊन बसलेली, मागं वळून वळून हात हलवत. गाडीमागं राहिलेल्या बायका धावल्या पुलापर्यंत. डीलिया धावली नाही. दुपारी पहारेकऱ्यानं दार लावलं तेव्हा ती बाहेर होती, एका हातात बोचकं, दुसऱ्यात नॉरी.

गल्लीत कुणी दार उघडेना. शेवटी हार्टिगनबाईनं उघडलं. ती माझी आजी. तोंड म्हणजे गटार, सगळी गल्ली घाबरायची.

"काय गं, लाल डगल्याची राणी! आता आठवली का गल्ली?"

"एक कोपरा द्या, बाई. मी धुणं करीन, शेळ्यांचं करीन."

"आमच्या शेळ्यांचं कुरण खाल्लं तुझ्या त्या बराकीनं. दोनच राहिल्यात, त्याही कुढून कुढून." मग नॉरीकडं बघून म्हणाली, "ही चावते का?"

"नाही."

"शेळ्या चावतात. तिला सांगून ठेव."

अशी डीलिया शेळ्यांच्या गोठ्यात राहिली. गोठ्याची मागची भिंत म्हणजे बराकीचीच भिंत, दवाखान्याची. पाच वर्षं ती त्या भिंतीच्या आत होती, आता बाहेरून टेकून. नवी पलटण आली, तिच्या बायका आल्या, त्यांनी आपापलं धुणं घेतलं. एकच धुणं कुणी घेईना, दवाखान्यातल्या तापकऱ्यांच्या चादरी. त्या भिंतीतल्या एका झरोक्यातून बाहेर ढकलायच्या. ते काम डीलियानं घेतलं. वास असा की शेळ्यासुद्धा तोंड फिरवायच्या. उकळत्या पाण्यात काठीनं ढवळायची, आणि नॉरीला म्हणायची, "लांब उभी राहा. हात लावशील तर बघ."

गॉसलिंग मेल्याचं कळलं ते कागदावर, फादरनीच वाचून दाखवलं, नवरा उरला नाही म्हटल्यावर ते पुन्हा तिच्याकडं बघायला लागले होते. पेगचं काही कळेना. बायकांची नावं कुठं कुणी लिहितं?

तिसऱ्या वर्षी एका सकाळी झरोक्यातून गाठोडं आलं आणि मागनं आवाज आला. "एकोणीस. मोजून घे."

आवाज ओळखीचा. डीलियानं वाकून पाहिलं. ल्यूक स्वीटमन, दाढी वाढलेली, एक पाय गुडघ्यापासून लाकडाचा. पलटणीनं सोडलेल्याला दवाखान्यात हमालाचं काम दिलं होतं.

"ल्यूक! अरे देवा. पेग कुठाय?"

त्यानं झरोक्याची फळी लावली. दुसऱ्या दिवशी बोलला. गाठोडं झरोक्यात तसंच धरून.

"बोटीवरनं उतरून अकरावा दिवस. पटकी. आधी बाळ, संध्याकाळी ती."

डीलियानं भिंत धरली. "ती चिठ्ठी माझी होती."

"माहीत आहे."

"मी दिली नसती तर..."

"ते नको," तो म्हणाला. मग म्हणाला, "तुझी पोर आहे का?"

तिनं हाक मारली. नॉरी आली, सात वर्षांची, गुडघे फुटलेले, हातात शेळीचं दावं. ल्यूकनं झरोक्यातून तिच्याकडं पाहिलं. इतका वेळ पाहिलं की नॉरी आईच्या मागं लपली. मग त्यानं फळी लावली.

त्यानंतर वर्षभर तो आकड्याशिवाय एक शब्द बोलला नाही. रोज गाठोडं, रोज आकडा, फळी. डीलिया आकडा ऐकायची आणि चादरी उचलायची. तिला वाटायचं, हा एवढं तरी बोलतोय हेच पुष्कळ.

पुढच्या वसंतात नॉरी तापली. चादरीला हात लावला होता की हापशीचं पाणी गल्लीच्या विहिरीत झिरपत होतं, कोण जाणे. डोक्याचे केस झडले, ओठ काळे पडले. आजीनं शेळ्या बाहेर काढल्या आणि म्हणाली, "फादरना बोलावते." डीलिया म्हणाली, "बोलावू नका. ते आले की ती मरेल." पोरीची बोटं धरून बसली. झरोक्यातून गाठोडं पडलं, तसंच राहिलं. दुसऱ्या दिवसाचं त्यावर पडलं. तिसऱ्या दिवसाचं त्याच्यावर.

चौथ्या दिवशी सकाळी गल्लीत टक टक आवाज आला. ल्यूक बराकीला वळसा घालून आला होता. वर्षभरात दाराबाहेर पहिल्यांदाच. गोठ्याच्या दाराशी उभा राहिला, टोपी हातात.

"आहे का?"

"आहे," डीलिया म्हणाली. "आज पाणी मागितलं."

तो तिथंच उंबऱ्यावर बसला, लाकडी पाय पुढं पसरून, आणि तोंड झाकलं. आजी सांगायची, बाप्याला असं रडताना तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. रडताना एकच बोलत होता.

"हीपण गेली असती, तर ती चिठ्ठी अगदीच फुकट गेली असती, डीलिया. अगदीच फुकट."

डीलियानं पोरीच्या ओठाला ओलं फडकं लावलं.

मग तो उठला, तीन दिवसांची गाठोडी सोडली, आजीकडं सरपण मागितलं आणि हंडा चढवला. एका पायावर उभा राहून चादरी ढवळायला लागला. गल्लीतली पोरं जमून खिदळायला लागली, बाप्या धुणं करतो म्हणून. आजीनं त्यांना दगड मारले.

नॉरी जगली. एका कानानं बहिरी झाली आणि केस पुढं पातळच राहिले, पण जगली. डीलिया आणखी बावीस वर्षं त्या गोठ्यात राहिली, आणि ल्यूक दर रविवारी, प्रार्थनेनंतर, भिंतीला वळसा घालून तिथं यायचा. दोघं बाहेर दगडावर बसायची. फारसं बोलायची नाहीत. पेगचं नाव घ्यायची नाहीत. नॉरी चहा आणून द्यायची, आणि ल्यूक तो प्याला दोन्ही हातांनी घ्यायचा.